एकाच जाजमावर

परवा कपाट आवरताना आमच्या क्लबच्या पदग्रहण समारंभांचे फोटो हाती लागले. ओळीनं सहा वर्षांचे. सूनबाई शेजारी बसून बघत होती. मधेच म्हणाली, ''आई, यातल्या सगळ्या काकू सारख्याच का दिसतात हो?''

मी हसले. म्हटलं, अगं, त्या वर्षी सगळ्यांनी मोरपंखी साडी नेसायची असं ठरलं होतं.

''साडीचं नाही म्हणत मी,'' ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठून गेली. मी मात्र फोटो घेऊन बराच वेळ तशीच बसून राहिले.

खरं होतं तिचं. (क्लबचं नाव सांगत नाही, परभणी एवढंसं गाव, ओळखणाऱ्या ओळखतीलच!) वसमत रोडवरचे दवाखाने, मोंढ्यातली आडत दुकानं आणि कोर्टातले वकील, या तीन ठिकाणच्या घरांतल्या आम्ही बायका. कुणी कुणाची जाऊ, कुणी कुणाची विहीण. पंधरा-वीस पावलांवर दर्ग्याकडं जाणारी वस्ती, इकडं कृषी विद्यापीठातल्या नोकरदार बायका, तिकडं रेल्वेतल्या, शाळांतल्या, बचत गटातल्या. त्यातली एकही आमच्या फोटोत नाही. म्हणजे अगदीच नव्हत्या असं नाही हं. होत्या, पण दुसऱ्या अल्बममध्ये. शिलाई मशीन घेताना, वह्या घेताना, साडी घेताना. मधोमध वस्तू, एका बाजूला आम्ही आठ जणी, दुसऱ्या बाजूला ती एकटी, खाली मान घालून.

आम्हाला ही उपरती काही आपोआप झाली नाही. मेंबर कमी व्हायला लागल्या म्हणून झाली. एकेकाळी एकेचाळीस होतो, त्या सोळावर आलो. कुणाची मुलं पुण्याला स्थिरावली, कुणाचे गुडघे गेले, आणि नव्या सुनांना नोकरीतून दुपारी चारची मिटिंग जमेना. मग अध्यक्षांनी फर्मान काढलं, प्रत्येकीनं नवीन मेंबर आणायच्या, आणि आपल्याच ओळखीतल्या नकोत, जरा वेगळ्या आणा. त्या वर्षी मी सेक्रेटरी. मोठ्या उत्साहानं मी तिघींना आणलं. एक अंगणवाडी सेविका, एक पोस्टातली नोकरदार ताई आणि आमच्या घरचे ब्लाऊज पंधरा वर्षं शिवणाऱ्या आपा. तिघींनी अकराशे रुपये वर्गणी भरली. टाळ्या झाल्या, पेपरात बातमीही आली.

वर्ष सरायच्या आत तिघीही गेल्या.

आम्ही काय म्हणालो असू? तुम्हाला माहीतच आहे. ''त्यांना समाजकार्याची आवड नसते हो.''

पोस्टातल्या ताईंचं सांगते, कारण ती चूक माझ्या हातची. जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पत्रिका मी लिहिली, दरवर्षीचाच मजकूर, 'सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे'. ताईंचे यजमान जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मला ते माहीत होतं. लिहिताना एकदाही आठवलं नाही. त्या आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात बदली होणार म्हणून राजीनामा पाठवला. बदली काही झाली नाही. अजूनही कधी टपाल करायला गेले की काउंटरला त्याच असतात. ''काय म्हणता ताई, बरंय ना?'' म्हणतात. माझीच नजर खाली जाते.

आणि बघा, यातलं काही नवीन नाही. जानेवारी १८५२ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी महिला सेवा मंडळातर्फे तिळगुळाचा समारंभ ठेवला होता. कलेक्टरांच्या पत्नी, जोन्सबाई, अध्यक्षस्थानी होत्या. त्या समारंभाच्या निमंत्रणातच आधी स्पष्ट केलं होतं, की कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि हळदीकुंकू सगळ्यांना सारखंच लावलं जाईल. मला यातलं जास्त काय आवडतं सांगू? त्यांनी 'सगळ्यांचं स्वागत आहे' एवढ्यावर भागवलं नाही. कुठं बसायचं, कशावर बसायचं, हे आधीच सांगून टाकलं. कारण येणाऱ्या बाईच्या पोटात भीती त्याचीच असते. आत गेल्यावर मला कुठं बसवतील?

क्लबांची गंमत तर साऱ्या जगात सारखीच. रोटरी १९०५ मध्ये शिकागोला सुरू झाली ती पुरुषांची. बायकांना दार बंद. मग मार्गरेट गोल्डिंग नावाच्या बाईंनी १९२४ मध्ये मँचेस्टरला इनरव्हील काढलं, त्याच्या आधीची पहिली बैठक म्हणे एका तुर्की हमामखान्याच्या जागेत भरली होती! पण तिथंही सुरुवातीला दार उघडं होतं ते रोटरीवाल्यांच्या घरच्या बायकांनाच. पुढे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या रोटरी क्लबनं तीन बायकांना मेंबर करून घेतलं. का? तर मेंबर कमी पडत होते. म्हणजे तिथंही आमच्यासारखंच! वरच्या मंडळींनी त्या क्लबलाच काढून टाकलं. क्लब कोर्टात गेला, १९८७ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, १९८९ पासून जगभरच्या रोटरीत बायकांना प्रवेश मिळाला. आणि रोटरीच्या जागतिक अध्यक्षपदी पहिली बाई कधी बसली? २०२२ मध्ये, कॅनडाच्या जेनिफर जोन्स. दार उघडल्यापासून खुर्चीपर्यंत तेहतीस वर्षं.

असो. आपण परभणीला परत येऊ.

मला आपांचं कोडं सुटत नव्हतं. त्या का गेल्या? भांडण नाही, शब्द नाही. ब्लाऊज शिवून द्यायच्या, गोड बोलायच्या, पण क्लबचं नाव काढलं की ''टाइम नाही मिळत ताई.'' शेवटी एक दिवस मीच त्यांच्या घरी गेले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा! नेहमी माझं कापड घेऊन नातीला पाठवायचे, नाहीतर त्याच यायच्या. त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारून मला जागा करून दिली.

मी सरळच विचारलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''ताई, राग नाही बरं का. पण त्या कापडी पिशव्या आठवतात का तुम्हाला?''

आठवत होत्या. प्लास्टिकमुक्तीच्या कार्यक्रमासाठी शंभर पिशव्या. ''आपा आहेतच की आपल्याकडं,'' असं मिटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही सगळ्या केवढ्या खूश झालो होतो.

''शंभर पिशव्या म्हणजे माझे तीन दिवस गेले. वर्गणी तुम्ही दिली, मी पण दिली. वरून तीन दिवसाची मजुरी दिली. वकीलबाईंना कुणी म्हणलं का, शंभर कागद फुकट लिहून द्या म्हणून? अन् पिशव्या वाटल्या, त्या फोटोत मी नव्हते. मी घरी होते, ईदची कपडे शिवायलते. ऑर्डरी अडकल्या होत्या ना.''

मला काय बोलावं कळेना. त्या पुढं म्हणाल्या, ''मला वाटलं होतं, मिटिंगमध्ये मला काही विचारतील. तुम्ही दरसाल मशीन वाटता. आमच्या गल्लीत तीन मशीन आहेत क्लबच्या. दोन बंद आहेत. पोरींना शिलाई येते, कटिंग येत नाही. मग त्या दुकानदाराकडं पीसवर राबतात. कटिंग शिकली तर स्वतःचं गिऱ्हाईक करतात. हे मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.''

दहा वर्षं आम्ही मशीन वाटत होतो, मैत्रिणींनो! आणि हे सांगणारी बाई वर्षभर आमच्याच खुर्चीवर बसून होती, आम्ही तिला पिशव्या शिवायला लावल्या.

मी हे सगळं पुढच्या मिटिंगमध्ये सांगितलं. वातावरण जरा तापलंच. एक जण म्हणाली, ''सेवेचे कसले पैसे?'' दुसरी म्हणाली, ''असं प्रत्येकीचं ऐकत बसलो तर क्लब चालायचा कसा?'' पण आमच्या सगळ्यात थोरल्या मेंबर, वय एक्क्याऐंशी, त्या शांतपणे म्हणाल्या, ''आपण हॉटेलातल्या जेवणाचे पैसे देतोच ना? मग हिचेच कसे जड झाले?'' त्यावर कुणी काही बोललं नाही.

मग एकेक बदललं. हॉटेलातली मिटिंग बंद, एका शाळेच्या वर्गात सुरू. वेळ रविवारी संध्याकाळी, कारण नोकरीवाल्या, मजुरीवाल्या सगळ्यांना तीच जमते. वर्गणी महिन्याला शंभर, एकरकमी नाही. इतिवृत्त मराठीत. (इंग्रजी इतिवृत्त इतकी वर्षं कुणासाठी लिहीत होतो, देव जाणे. मलाच लिहिताना घाम फुटायचा.) साडीचा रंग ठरवणं बंद, यावर मात्र सगळ्यात जास्त रुसवेफुगवे झाले! आणि हळदीकुंकवाच्या पत्रिकेतला 'सुवासिनी' शब्द गेला. २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्यानंतर सरकारचं परिपत्रकही निघालं, त्याचा आधार आम्हाला मिळाला. तरी दोघी त्या दिवशी आल्या नाहीतच. त्यांना वाण घरी नेऊन दिलं, वाद घातला नाही.

अंगणवाडीताई परत आल्या. पहिल्याच मिटिंगला त्यांनी आमच्या रक्ततपासणी शिबिराची हवा काढली. आम्ही शिबिर ठेवायचो सकाळी अकराला, तेही कापूस वेचणीच्या दिवसांत, आणि मग बायका येत नाहीत, बायकांना आरोग्याची काळजी नाही, म्हणून भाषणं करायचो. ''अकराला बाई रानात असती, वहिनी,'' ताई म्हणाल्या, ''रोज बुडवून तुमच्याकडं येईल का? बाजारच्या दिवशी ठेवा, त्या दिवशी बाई घरी असती.'' ठेवलं. सतरंजी कमी पडली.

सगळंच जमलं असं मात्र नाही. बचत गटातून आलेल्या दोघी तीन महिन्यांत गेल्या. त्यांच्या गटात बैठकीला कर्ज मिळतं, हिशेब होतो, इथं काय मिळतं, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. जुन्यांपैकीही चौघी गेल्या. ''आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही,'' म्हणाल्या. त्यातली एक माझी सख्खी मैत्रीण. तिचं दुःख मला आहे, कारण तिचंही खोटं नव्हतं. संसारातून दोन तास नटूनथटून बाहेर पडायचं एवढंच निमित्त होतं काहीजणींना, ते आम्ही काढून घेतलं. म्हणून आता वर्षातून एकदा सहल आणि फराळ पक्का ठेवलाय.

आपा? त्या मेंबर म्हणून नाही आल्या. कटिंगचा वर्ग घेतात, आठवड्यातून दोन दिवस, क्लब त्यांना ठरलेलं मानधन देतो. पहिल्या तुकडीत अकरा पोरी होत्या. मागच्या महिन्यात मी परत विचारलं, आपा, आता तरी फॉर्म भरा. त्या कैची चालवत म्हणाल्या, ''बघते ताई. आधी तुमचे हिशेब एक साल बघू द्या.''

पोस्टातल्या ताईंना या जानेवारीत मी पत्रिका हातानं नेऊन दिली. काउंटरवर गर्दी होती. त्यांनी उघडून वाचली, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मागच्या माणसाचं पाकीट वजनाला घेतलं. कार्यक्रमाच्या दिवशी साडेसहा वाजले तरी त्या दिसल्या नाहीत. पावणेसातला आल्या. दारातच थबकल्या, आत नजर फिरवली. आमच्या एक्क्याऐंशीच्या आजी सतरंजीवर सरकल्या आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला.