मेस लावली, मेस झाला

आता बघा, नोकरीसाठी अंबरनाथ-बदलापूरला एकटा आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात मेस लावतो. त्याच्याच वयाची मुलगी घरी म्हणते, ‘खोलीचा काय मेस करून ठेवलाय!’ पहिली मेस स्त्रीलिंगी, दुसरा मेस पुल्लिंगी. आपल्या कानाला हे दोन शब्द वाटतात. इंग्रजीत मात्र तो एकच आहे. आपल्याकडे दोनदा, दोन वाटांनी आला एवढंच.

मूळ लॅटिन. ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणं, ठेवणं. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये पानात आलेला पदार्थ, आणि इंग्रजीत एका माणसाचं वाढलेलं अन्न. मग एकत्र जेवणारी माणसं म्हणजे मेस. लंडनला बॅरिस्टर होणाऱ्यांच्या पंगतीत चौघांची एक मेस धरत. गांधीजी तिथे असताना चौघांत वाइनच्या दोन बाटल्या मिळत. हे पीत नसत, म्हणून त्यांना आपल्या चौकडीत घ्यायला चढाओढ असे! त्यांनीच आत्मकथेत सांगितलंय. लष्करातली मेस याच कुळातली.

मग पसारा कुठून आला? तर कालवण्यातून. सगळं एकात एक झालं की काय ते ओळखू येत नाही. पुढे जनावरांपुढच्या मिश्रणालाही हाच शब्द लागला आणि एकोणिसाव्या शतकात गोंधळ, घाण हे अर्थ पक्के झाले. आपण हसायला नको, ‘सगळी खिचडी झाली’ असं आपणही म्हणतोच. पण आपल्याकडे कालाही आहे. सप्ताहाच्या शेवटी दही, पोहे, लाह्या एकत्र कालवतात, तो प्रसाद. म्हणजे कालवणं तेच, नाव कोण ठेवतो त्यावर सगळं.

उल्हासनगरचं बघा. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना त्याच बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी लोक अजून पत्ता सांगतात ‘कॅम्प नंबर चार’. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं. जिथे अंथरूण तिथेच चूल, तिथेच धंद्याचा माल. बाहेरचा माणूस दारातूनच म्हणायचा, काय हा पसारा! आम्हीही म्हटलेलं आहे, खोटं कशाला बोला. आणि त्या घरातल्या बाईला दिवे गेले तरी सुई कुठे नि रीळ कुठे, हात घालताच सापडायचं.