सहस्रचंद्रदर्शनाला बोलायचंय? तीन मिनिटं पुरेत!

घरात कुणाची एकसष्टी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन असलं की माइक हमखास माझ्या हातात येतो. अनुभवातून जमलेल्या चार गोष्टी:

👉 सुरुवात आकड्याने करा. दोन पौर्णिमांत साधारण साडेएकोणतीस दिवस असतात. म्हणजे हजार पौर्णिमांना सुमारे ८० वर्षं १० महिने लागतात! एवढं सांगितलं की मंडळी कान टवकारतात. साठीला बोलत असाल, तर साठ संवत्सरांचं चक्र पूर्ण होऊन जन्माचं संवत्सर परत येतं, हे सांगा.

👉 गुणांची यादी नको, एकच प्रसंग घ्या. 'आजी प्रेमळ आहे' यापेक्षा 'परीक्षेच्या दिवशी आजी दह्याची वाटी घेऊन दाराशी उभी असायची' हे जास्त भिडतं.

👉 तीनेकशे शब्द लिहा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचा. आजारपणं आणि भाऊबंदकी वर्ज्य!

👉 बोलताना कागदाकडे नाही, उत्सवमूर्तीकडे बघा. ऐकू कमी येत असेल तर सावकाश बोला.

शेवट वाकून नमस्काराने. आणि हो, औक्षण झालं की लगेच बोला. पंगत बसल्यावर जिलबीपुढे कुणाचंच भाषण टिकत नाही!