बोटभर खाली

पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉटचा निकाल एका रेषेवर लागतो, आणि ती रेषा कुठे आखलेली नसते. आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे आयपीएफचा नियम असा: खाली बसताना खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे. समपातळीत येऊन भागत नाही. जिममध्ये ‘पॅरलल’ गेला की पाठ थोपटतात. स्पर्धेत त्याच स्क्वॉटला लाल दिवा लागतो.

वाचायला नियम सोपा आहे. पंचांची पंचाईत अशी, की त्यातली दोन्ही टोकं मोठ्या शरीरावर धड दिसत नाहीत. पुरुषांच्या १२० किलोवरील गटातला लिफ्टर खाली गेला की पोट मांड्यांवर येतं, सिंगलेटचं कापड खुब्याच्या घडीत गोळा होतं आणि घडी नेमकी कुठे पडली हे अदमासानं धरावं लागतं. मांडी मधोमध इतकी भरलेली असते, की घडी गुडघ्याखाली उतरली तरी फुगवटा वरच राहतो. प्रेक्षकाला तो फुगवटाच दिसतो आणि तो ‘हाय आहे, हाय आहे’ म्हणून ओरडतो. त्यात गुडघ्याचा माथा सात मिलिमीटर जाडीच्या स्लीव्हखाली झाकलेला. बरं, लिफ्टर तळाशी थांबून दाखवत नाही. उतरणं संपून चढणं सुरू होतं, त्या निमिषात काय दिसलं तेवढंच पंचाच्या हाती.

बसायची जागाही महत्त्वाची. पंच तीन. मुख्य पंच लिफ्टरला दिसेल असा समोर, बाकीचे दोघे बाजूंना. जड वजनाला बारच्या दोन्ही टोकांशी स्पॉटर उभे असतात. त्यांच्या आडून काही दिसेना म्हणून बाजूचा पंच पुढच्या कोपऱ्याकडे सरकतो. खरा घोळ इथे आहे. खुर्चीतल्या पंचाचे डोळे लिफ्टरच्या गुडघ्यापेक्षा बरेच वर असतात, आणि वरून पाहताना जवळची गोष्ट खाली भासते. कोपऱ्यातून गुडघा जवळ, खुबा लांब. त्यामुळे व्यवस्थित बसलेला स्क्वॉटही उथळ वाटू शकतो. जमिनीवर टेकवलेला मोबाइल समोरून नेमकं उलटं दाखवतो: गुडघा वर चढतो आणि अपुरा स्क्वॉट खोल भासतो. तेव्हा एका व्हिडिओवरून पंचांना आंधळं ठरवणाऱ्यांनी आधी कॅमेरा कुठे होता ते विचारावं.

निकाल बहुमताचा. दोन पांढरे दिवे लागले की लिफ्ट मान्य. लाल दिवा देणारा पंच कारणाचं कार्डही दाखवतो, आणि डेप्थ मिळाली नाही तर ते कार्ड लाल असतं. आपल्याकडे कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की नाही यावरून २०२५ च्या अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत केवढा गदारोळ झाला! तिथे निदान गादी तरी असते. इथे मांडीखाली टेकायला काहीच नाही.

‘रॉ’ प्रकारात हा प्रश्न जास्त बोचतो. इक्विप्ड लिफ्टर घट्ट सूट घालतो. तो सूटच त्याला खाली जाऊ देत नाही, पुरेसं वजन खांद्यावर असेल तरच तो उतरतो. रॉमध्ये बेल्ट, मनगटाचे रॅप आणि नी स्लीव्ह एवढाच सरंजाम. आयपीएफ याला ‘क्लासिक’ म्हणते. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०१३ मध्ये रशियातल्या सुझदालला झाली. इथे लिफ्टरला कापड अडवत नाही. बहुतेक वेळा अडवते ती भीती: आणखी दोन इंच गेलो तर वर येईन का?

ती भीती कशी बाजूला ठेवावी हे अमेरिकेच्या रे विल्यम्स यांच्याकडून शिकावं. २०१६ मध्ये अटलांटाला त्यांनी ४५६ किलोंचा रॉ स्क्वॉट करून हजार पौंडांची वेस ओलांडली. २०१९ मध्ये कोलंबसला ४९० किलो. माणूस अवाढव्य, वजन अचाट, आणि तरी बैठक अशी, की कोन कुठलाही घ्या, शंकेला जागा उरत नाही.

सवलत मिळतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. या खेळात संघटना अनेक, आणि कुठे डोळा कडक तर कुठे सैल, हे लिफ्टर मंडळी पक्कं ओळखून असतात. विक्रमाचं वजन, घसा फोडून ओरडणारा हॉल, यात काठावरच्या स्क्वॉटला पांढरा दिवा द्यायचा मोह पंचाला होत असणारच. पण तोच काठ पहिल्या प्रयत्नात गळ्याशी येतो. पहिला स्क्वॉट डेप्थसाठी गेला तर पुढच्या प्रयत्नाला वजन कमी करता येत नाही; तेच किंवा जास्त मागावं लागतं. तिन्ही गेले की एकूण बेरजेतून लिफ्टर बाद, मग बेंच आणि डेडलिफ्ट कितीही चांगले होवोत.

खोलीचा हा नियम आता बेंच प्रेसलाही लागला आहे. २०२३ पासून कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीपर्यंत किंवा तिच्याखाली यावी लागते. म्हणजे बाजूच्या पंचाला स्क्वॉट आटोपल्यावरही उसंत नाही. बाकाशेजारी स्पॉटरच्या आडून आता तो कोपर शोधत बसतो.