मुहूर्ताची घटका आणि संगीताची कात्री

लग्नाचा मुहूर्त बारा वाजून सदतीस मिनिटांचा आणि मंगलाष्टके मात्र साडेबारालाच संपत आलेली, हा प्रसंग कोणी पाहिलेला नाही? अंतरपाट धरणाऱ्यांचे हात अवघडतात, गुरुजी घड्याळाकडे बघतात. मग एखादी मावशी घडी घातलेला कागद उलगडून पुढे होते, तिच्यामागून एखादे काका. जास्तीची दोन-चार कडवी होतात आणि शेवटचे 'सावधान' नेमके मुहूर्तावर पडते. संगीत वेळेच्या मापात बसवण्याची ही आपली जुनी, घरगुती रीत.

त्याच लग्नाची चित्रफीत पुढे पनवेलच्या एखाद्या गाळ्यात संगणकावर चढते, तेव्हा हाच प्रश्न उलटा होऊन येतो. दिवसभराच्या चित्रणातून चार मिनिटांची झलक काढायची असते, त्यातला हळदीचा तुकडा दीड मिनिटाचा आणि त्याखाली घालायचे संगीत अडीच मिनिटांचे. आता ताणायचे नाही, कापायचे आहे.

हे संगीत बहुधा 'लायब्ररी'तले असते. म्हणजे कोणा एका चित्रपटासाठी केलेले नव्हे, तर पुढे कोणालाही लागेल म्हणून आधीच वाजवून ठेवलेले. 'आनंदी', 'हळवे', 'भव्य' अशा चिठ्ठ्या लावलेले. शुल्क भरावे, परवानगी घ्यावी, वापरावे. ही कल्पना आजची नाही. लंडनची 'डी वुल्फ' ही संस्था १९०९ पासून या व्यवसायात आहे. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे वादक बसत. त्यांच्यासाठी एर्नो रापे यांनी १९२४ मध्ये एक जाडजूड ग्रंथच काढला. पाठलाग, प्रेम, वादळ अशी भावांची यादी समासात छापलेली. प्रसंग बदलला की वादकाने पान उलटायचे.

वेळेच्या कात्रीचा अनुभव आपल्या गायकांनाही आला. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यातच ख्याल किंवा ठुमरी उरकायची आणि शेवटी स्वतःचे नावही पुकारायचे. रंगभूमीवर 'वन्स मोअर'मागून 'वन्स मोअर' घेत रंगणारी बालगंधर्वांची पदे तबकडीवर तेवढ्याच वेळात उतरली. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे तेव्हा गाणारा स्वतः ठरवत होता. आज ते एडिटिंग करणारा ठरवतो, हा फरक लहान नाही.

कापायचे कसे? नवखा माणूस दीड मिनिट भरले की आवाज हळूहळू कमी करत संपवतो. ऐकणाऱ्याला मात्र गाणे मध्येच सोडून कोणी उठून गेल्यासारखे वाटते. जाणकार आधी शेवट हाताशी ठेवतो. आरंभ चित्राच्या आरंभाला आणि संगीताचा खरा शेवट चित्राच्या शेवटाला लावायचा, जे कापायचे ते मधून. हिशेब सोपा आहे. लय मिनिटाला १२० मात्रांची आणि आवर्तन चार मात्रांचे असेल, तर एक आवर्तन दोन सेकंदांचे. अडीच मिनिटांत अशी ७५ आवर्तने, दीड मिनिटात ४५. म्हणजे मधली ३० काढायची.

पण कुठलीही ३० नव्हेत. सुरावटीचे वाक्य चार किंवा आठ आवर्तनांत पुरे होते, ते अर्धवट तोडू नये. सम समेलाच जोडावी. जोडाच्या जागी आधीच्या स्वराची आस रेंगाळत असते. ती एकदम तुटली तर कानाला खटकते, म्हणून एक आवाज उतरवत दुसरा क्षणभर त्यावर चढवायचा. समेचा ठोका जोरकस असला की सांधा त्याच्या आड लपतो. तरीही एखादा सेकंद उरलाच, तर लय किंचित वाढवावी. जुन्या टेपवर वेग सहा टक्के वाढवला की सूरही जवळजवळ अर्ध्या स्वराने चढे. संगणक सूर न हलवता लय बदलतो. हल्लीची काही सॉफ्टवेअर तर लांबी सांगितली की जोड स्वतःच शोधतात. तो जोड बरा की वाईट, हे मात्र कानच सांगतो.

परवानगीची बाबही ध्यानात ठेवावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार लग्नसमारंभात गाणी वाजवायला मोकळीक आहे. पण तेच गाणे चित्रफितीत जोडून जगापुढे मांडणे ही निराळी गोष्ट. म्हणून तर लायब्ररीतल्या संगीताला मागणी.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. तिच्या गाण्याला ठरावीक लांबी नसते. विधी चालेल तोवर गाणे चालते. तिथे संगीत प्रसंगाच्या मापाने वाढते, कोणाला कात्री लावावी लागत नाही. चित्रफितीत मात्र तिचा आवाज बंद होतो आणि त्या जागी परदेशात कुठेतरी वाजवलेला पियानो येतो. चित्र देखणे होते, पण ते लग्न पनवेलचे की पॅरिसचे, हे डोळे मिटून सांगता येत नाही.

चिंचपाडा, कोपर, कोल्ही ही गावठाणे नवी मुंबई विमानतळासाठी उठली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. तिथली अंगणे आता उरली नाहीत. त्या अंगणांतल्या लग्नांच्या फिती ज्यांच्या कपाटात असतील, त्यांच्याकडे त्या गावांचा आवाज आहे. अर्थात वरून संगीत चढवताना तो पुसला गेला नसेल तर.

म्हणून व्हिडिओवाल्याला दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. झलक हवी तितकी सजवा, पण मूळ चित्रण त्याच्या मूळ आवाजासह आम्हाला वेगळे द्या. आणि झलकेतही आजी गात असेल, लेकीला निरोप देताना बापाचा आवाज फुटत असेल, तिथे संगीत खाली घ्या. विकतचे संगीत पुन्हा मिळेल, हवे त्या लांबीत मिळेल. आजीचे धवले कुठल्याच लायब्ररीत मिळायचे नाहीत.