पहिल्या वळिवापूर्वी जुन्या पॉवर पंपाचे इंजिन उघडताना

जयपूर परिसरातील वालुकामय जमिनीत भुईमुगाचा मोठा शत्रू म्हणजे हुमणी. दुर्गापुरा येथील राजस्थान कृषी संशोधन संस्थेत या किडीवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. होलोट्रिकिया कॉन्सॅन्ग्विनिया या प्रजातीचे भुंगेरे पहिल्या चांगल्या पावसानंतर तिन्हीसांजेस जमिनीतून बाहेर पडतात आणि खेजडी, कडुनिंब, बोर यांवर जमतात. आपल्या ऊस पट्ट्यात होलोट्रिकिया सेराटा बाभूळ व कडुनिंबावर हेच करते. माद्या जमिनीत अंडी घालू लागल्या की झाडावरील फवारणीचा उपयोग उरत नाही. म्हणजे हाती मोजक्याच रात्री असतात. नेमका त्याच वेळी वर्षभर पडवीत पडलेला पंप दोरी ओढूनही सुरू होत नाही.

सुरू झाला तरी अडचण संपत नाही. पाठीवरच्या पेट्रोल पंपात द्रावणाचे थेंब पंख्याच्या वाऱ्याने फुटतात. इंजिनाचा वेग घटला की वारा मंदावतो, थेंब जाड होतात, पानावरून ओघळतात आणि शेंड्यापर्यंत पोहोचतही नाहीत. औषध निकामी ठरले असे वाटते, तेव्हा दोष कित्येकदा सायलेन्सरमधील काजळीचा असतो.

पाना हाती घेण्यापूर्वी टाकी, नळी व नोझल तीन वेळा धुवावेत आणि ते पाणी विहीर, ओढा व गोठ्यापासून दूर जिरवावे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही. पंप उघडणाऱ्याच्या हातांना तेच विष लागते. म्हणून रबरी हातमोजे घालावेत, काम घराबाहेर करावे, मुलांना जवळ येऊ देऊ नये. त्यानंतर पेट्रोल काढून टाकावे आणि प्लगची वायर सोडवावी.

प्रथम औषधाची टाकी व नळी सुटी करावी. मग रबरी बुशांवरील बोल्ट काढून इंजिन चौकटीपासून वेगळे करावे. प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवू नये, ॲल्युमिनियममधील आटे निघून येतात. गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. दोरीचा स्टार्टर अखंडच काढावा. त्याची चकती उघडल्यास आतील स्प्रिंग वेगाने उसळते. कार्ब्युरेटरमध्ये बहुधा जुन्या पेट्रोलचा चिकट थर आढळतो, आणि पडदा असलेल्या प्रकारात तो पडदा कडक झालेला असतो.

फ्लायव्हीलपाशी बहुतेकांची घाई नडते. नट सोडवताना पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या छिद्रातून नायलॉनची दोरी आत सोडतात. पिस्टनने सिलिंडरच्या खिडक्या झाकल्यावरच ती सोडावी, अन्यथा दोरी खिडकीत अडकते. नटाचे आटे उजवे की डावे, हे पुस्तिकेत पाहावे. फ्लायव्हील पुलरनेच ओढावे. हातोड्याने क्रँक वाकतो व चुंबकांना इजा होते. खालची छोटी चावी तुटलेली असेल तर ठिणगीची वेळ बिघडते आणि सुरू करताना दोरी हाताला उलटा हिसका देते.

सिलिंडर सरळ वर उचलावा, फिरवू नये. रिंगचे टोक खिडकीत अडकून मोडते. खालचे तोंड स्वच्छ फडक्याने बंद केल्यावरच पिस्टन पिनची सर्क्लिप काढावी, कारण आत पडलेली सर्क्लिप मिळवण्यास सगळे इंजिन उघडावे लागते. जुनी सर्क्लिप व गॅस्केट पुन्हा वापरू नये. पिस्टनवरील बाण जोडणीच्या वेळी सायलेन्सरच्या दिशेस असावा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसल्यास पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल कमी पडले असावे, अथवा क्रँकचे सील झिजून आत जादा हवा शिरत असावी. खिडकीतील काजळी लाकडी पट्टीने खरवडावी, लोखंडाने नव्हे.

क्रँककेस मात्र घरी उघडू नये. बेअरिंग व सील बसवण्यास प्रेस लागते. ते काम कारागिराकडे द्यावे आणि सुटे भाग आणताना जुना भाग सोबत न्यावा.

जोडणीनंतर टाकीत केवळ पाणी भरून पूर्ण वेगात फवारा झाडाच्या शेंड्यावर मारून पाहावा. खाली पाणी ठिबकू लागले, तर वेग अद्याप अपुरा आहे. ही चाचणी मे महिन्यातच आटोपावी.