चांदीच्या थराखालचा निळा उजेड

निगडी-चिंचवडच्या कारखान्यांत प्लेटिंग म्हणजे गंज टाळण्यासाठीचा जस्ताचा किंवा निकेलचा थर. असाच धातूचा थर दिव्यातल्या स्फटिकावर चढवला तर? रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीत निळा उजेड देणारा इंडियम गॅलियम नायट्राइडचा स्फटिक असतो. त्यावर चांदी चढवली तर उजेड कमीच होईल, असं वाटणं साहजिक आहे. 2004 साली संशोधक कोइची ओकामोतो आणि सहकाऱ्यांनी उलटंच दाखवलं: उजेड देणाऱ्या थरापासून 10 नॅनोमीटरवर चांदी असताना उजेड 14 पट वाढला, ॲल्युमिनियमने 8 पट. सोन्याने मात्र काहीच फरक पडला नाही.

कारण असं. उत्तेजित इलेक्ट्रॉनची बरीच ऊर्जा स्फटिकातल्या दोषांमध्ये उष्णता होऊन वाया जाते. धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक लाटा उठतात, त्यांना प्लाझ्मॉन म्हणतात. त्या ही ऊर्जा दोषांच्या आधीच उचलतात आणि खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाशरूपात परत करतात. निळ्या रंगाशी चांदीच्या लाटा जुळतात, सोन्याच्या नाहीत. धातू आणि उजेड देणारा थर यांतलं अंतर वाढलं की परिणाम झपाट्याने ओसरतो. धातू फारच जवळ आला तर ऊर्जा तोच गिळतो.

हे आकडे लेसरने उजळवलेल्या नमुन्यांचे आहेत, विजेवर चालणाऱ्या दिव्याचे नव्हेत. शिवाय मुळात उत्तम असलेल्या स्फटिकाला या लेपाचा फायदा थोडाच.