नांदत्या श्रद्धास्थानाची अभ्यासभेट : तोरणमाळचे गोरक्षनाथ मंदिर

१. प्रस्तावना

एखादी ऐतिहासिक वास्तू पाहण्यास निघण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : ज्या कारणासाठी ही वास्तू उभारली गेली, ते कार्य तेथे आजही चालू आहे काय? पुण्याच्या शनिवारवाड्यातील राज्यकारभार केव्हाच संपला; तेथे आज येणारा प्रत्येक जण प्रेक्षकच असतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चची गोष्ट वेगळी आहे. ते जागतिक वारसास्थळ आहे आणि तेथे आजही मिस्सा होते. ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाच्या दिवशी, तेथे जाणाऱ्याला भाविकांचा मेळा दिसेल. वास्तुकलेचे निवांत निरीक्षण त्याला करता येणार नाही. अशा ठिकाणच्या भेटीचे नियोजन आपल्या सवडीपेक्षा उपासकांच्या दिनक्रमावरून करावे लागते. हेच सूत्र आपण तोरणमाळला लावून पाहू.

२. स्थानपरिचय

तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील सातपुड्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. यशवंत तलाव आणि सीताखाई ही तेथील परिचित स्थळे. नंदुरबार हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आहे. तेथून शहाद्यास येऊन घाटरस्त्याने वर जाता येते.

मराठीच्या विद्यार्थ्याला येथील गोरक्षनाथ मंदिराचे विशेष महत्त्व वाटावे, याला कारण आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा सांगितली आहे. ती आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ आणि गहिनीनाथ यांच्याकडून निवृत्तिनाथांपर्यंत येते. ग्रंथात वाचलेले हे नाव आजही लोकांच्या पूजेत कसे नांदते, ते येथे पाहावयास मिळते.

३. काळाची निवड

महाशिवरात्रीला, म्हणजे माघ वद्य चतुर्दशीला, येथे यात्रा भरते. इंग्रजी महिन्यांप्रमाणे हा दिवस फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये येतो. तारीख दरवर्षी पंचांगात पाहावी. तुमचा विषय लोकश्रद्धा, नवस किंवा यात्रेतील बोली हा असेल, तर हाच काळ योग्य होय. मात्र गर्दी गृहीत धरून मुक्कामाची व वाहनाची व्यवस्था आधी निश्चित करावी. मंदिर व परिसर यांचे शांतपणे निरीक्षण करावयाचे असेल, तर हिवाळ्यातील साधा दिवस निवडावा. पावसाळ्यात पठार हिरवेगार असते. परंतु धुके आणि निसरडा घाट लक्षात घेऊन अंधार पडण्यापूर्वी प्रवास संपवावा.

४. वर्तन आणि नोंदी

मंदिरात पोहोचल्यावर प्रथम तेथील व्यवस्था पाहणाऱ्यांना आपला हेतू सांगावा आणि पूजेच्या वेळा विचाराव्यात. पूजा चालू असता गाभाऱ्यापासून दूर थांबावे. नवस फेडण्यासाठी आलेल्या माणसाचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून घेऊ नये. तुम्हाला येथे पुन्हा येता येईल. ज्या क्षणासाठी तो डोंगर चढून आला, तो क्षण मात्र त्याला परत मिळणार नाही.

या परिसरात भिल्ल व पावरा समाजाची वस्ती आहे. त्यांच्या भिली, पावरी या बोली म्हणजे 'अशुद्ध मराठी' नव्हेत. शब्द ऐकू आला तसाच टिपावा आणि त्याचा अर्थ सांगणाऱ्यालाच विचारावा. नोंदवहीत 'पाहिलेले', 'ऐकलेले' आणि 'आपला तर्क' असे तीन रकाने ठेवल्यास आख्यायिका आणि इतिहास यांची गल्लत होणार नाही.

५. समारोप

सारांश, आधी अभ्यासाचा प्रश्न, मग तेथील उपासनेचा दिनक्रम आणि शेवटी प्रवासाची व्यवस्था, या क्रमाने नियोजन करावे. या क्रमाने गेलेल्या अभ्यासकाला माहिती मिळते आणि त्याच्यामुळे कोणाच्या उपासनेत व्यत्यय येत नाही.

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील एखादे मंदिर, दर्गा किंवा चर्च निवडा. तेथील वर्षभराचे व दिवसाचे उपासनेचे वेळापत्रक विचारून घ्या आणि त्यानुसार एक दिवसाच्या अभ्यासभेटीचा आराखडा १५० शब्दांत लिहा.